वानखेडे भैयांची सेविंग

जबलपूरच्या आमच्या कारखान्यात पांढरी भुकटी आणि मालकांचे किस्से रोज साचतात. भुकटी निदान झाडता येते. ती सिरॅमिकची; पंपाच्या, बॉयलरच्या भागांवर तिचा थर दिला की लोखंड झिजत नाही. मालक म्हणजे वानखेडे भैया. त्यांचा आवडता शब्द 'सेविंग'.

*

आमचा सगळ्यात मोठा खर्च भट्टीच्या विजेचा. एकदा भैयांनी फर्मान काढलं, "आपण जेवून राहिलो, तर भट्टी काहून चालू पाहिजे? बंद करा."

केली बंद. पुन्हा तापेपर्यंत संध्याकाळ झाली. आतल्या भुकटी भाजायच्या थाळ्या तडकल्या, वीज दुप्पट गेली. भैया मात्र खूश.

"पर जेवणाच्या टायमाची तर वाचली ना!"

*

चाळणीवर मेश्रामताई असतात. भुकटीचा मधला दाणाच तेवढा विकला जातो, जाड आणि बारीक बाद. बारीक फार निघायला लागला, तेव्हा भैया त्याची पिशवी घेऊन स्वतः नर्मदेवर ग्वारीघाटला गेले. तिथल्या पूजेच्या दुकानदाराला म्हणाले, "रंगोली समझ के ले लो."

दुकानदाराने रांगोळीचा भाव सांगितला. भैया तसेच परत आले आणि ताईंवरच घसरले.

"ताई, रांगोळी इतकी महाग काहून बनवून राहिल्या तुम्ही?"

ताईंची चाळणी जरा जोरात हलली.

*

आणि हा यंदाचा किस्सा. नागपूरच्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. पांढऱ्या भुकटीत लोखंडाचे कण सापडले होते. ही ऑर्डर गेली असती तर भट्टी कायमची थंड आणि आम्ही सगळे घरी.

त्यांचे साहेब स्वतः बघायला आले. मी भुकटी कालवायचा मिक्सर उघडून दाखवला. लोखंडी पाती झिजून निम्मी झाली होती आणि उरलेली निम्मी भुकटीतून नागपूरला पोचली होती.

साहेब हसले. मला वाटलं, वाचलो.

"वानखेडेजी, लोखंड झिजू नये म्हणूनच आम्ही तुमचा माल घेतो. मग या पात्यांना तोच थर काहून नाही देत? द्या, ऑर्डर पक्की समजा."

मी मनात म्हटलं, भैया, फक्त 'हो' म्हणा.

भैयांनी खुर्ची पुढे ओढली आणि घरच्या माणसाशी बोलावं तसा आवाज खाली आणला.

"दिला असता साहेब. पर ते कोटिंग लय महाग पडते. परवडत नाही."