सुपारी खालच्या खणात

दादाचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या घरी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फोनवर फार बोलत नाही. उभी नोकरी येलदरीच्या धरणावर गेली, तिथे पाण्याच्या आवाजापुढे बोलून उपयोग नसायचा, तीच सवय लागली, असं त्याचं म्हणणं. "सुमा गेली रे. आत्ता, सकाळी. चहा ठेवते म्हणाली आन् ओट्यापाशीच खाली बसली... तू ये." सुमा म्हणजे माझ्या वहिनी, जिंतूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या सुमतीबाई. शेंगांची परात तशीच ठेवून मी एसटी धरली. वाटेतलं बोरी मागे पडेपर्यंत मला रडू आलं नाही. मग शेजारच्या माणसाने विचारलं, "जिंतूरला काय काम काढलं?" आणि मी खिशात रुमाल शोधायला लागलो.

डॉक्टरांनी कारण हृदयाचं सांगितलं. पण आपल्याकडे डॉक्टरांचं सांगणं ही फक्त सुरुवात असते. अंगणातल्या मांडवात दुपारपर्यंत दोन गट पडले. इतक्या वर्षांच्या गोळ्या, शेवटी हेच होणार, असं एकाचं मत. दुसऱ्याचं मत असं की बिचारीने अंगावर एवढं काढलं, पण गोळीला कधी हात लावला नाही. दोन्ही गटांना चहा एकाच किटलीतून मिळत होता आणि कोणालाही घरच्या माणसांना विचारावंसं वाटलं नाही. तेरावं झाल्यावर शाळेत शोकसभा झाली, तिथे दुसऱ्या गटाचा विजय झाला. मंचावर वहिनींचा मोठा फोटो होता आणि त्याहून मोठ्या अक्षरांत आयोजकांची नावं. संस्थेचे एक पदाधिकारी आहेत, त्यांना सगळं गाव 'सर' म्हणतं, मीही तेच म्हणतो. ते उठले आणि म्हणाले, "बाई म्हणजे सोशिकतेची मूर्ती. एवढं दुर्धर दुखणं, पण शेवटपर्यंत एक गोळी घेतली नाही. हसत सोसलं." टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी माना हलवल्या. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. शोकसभेत वक्त्याला खोडून काढायची आपल्यात रीत नाही, म्हणून आम्ही बसून राहिलो. तेव्हा वाटलं, एक वाक्य तर आहे, जाऊ द्या.

ते वाक्य जाऊ देण्यासारखं नव्हतं, हे वहिनींना जाऊन महिना झाला तेव्हा कळलं. त्याकडे येतोच. पण आधी सांगायला हवं, की वहिनी सोशिक नव्हत्या. सोशिक म्हटलेलं त्यांना आवडायचंही नाही.

दुखणं सुरू झालं तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या आसपास असतील. आधी फळ्यावर लिहिताना खांदा भरून यायचा, मग मान, मग कंबर, मांड्या, तळपाय. सकाळी उठताना रात्रभर कुणी मोगरीने कुटून काढल्यासारखं अंग. झोप झाली तरी न झाल्यासारखी. मानवतहून माहेरची माणसं भेटायला आली आणि प्रेमाने पाठीवर हात ठेवला, तर त्या हाताने डोळ्यांत पाणी यायचं. माहेरच्यांना वाटायचं, लेकीला भरून आलं. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, मणक्याचा मोठा फोटो काढला. सगळं उत्तम. एका डॉक्टरांनी तर रिपोर्ट मिटून "आता पेढे द्या" असं सांगितलं. वहिनी घरी येऊन म्हणाल्या, "पेढे कशाचे द्यायचे, भाऊजी? पास झाले पण पेपर कोणता व्हता ते कुणाला ठाव न्हाई."

दुखणं दिसत नसलं की आपल्याकडे त्याला मालक मिळत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे एक निदान असायचं आणि जोडीला एक काढा. वात, नजर, कॅल्शियम, मोकळा वेळ. त्यावर वहिनींनी एक उपाय काढला होता, तो आठवला की अजून हसू येतं. लग्नकार्याला जाताना त्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळायच्या. मनगट बाकी अंगापेक्षा जास्त दुखत होतं असं मुळीच नाही. पण पट्टी दिसली की बायका म्हणायच्या, "बसा बाई, पोळ्या आमी लाटतो." पट्टी नसली की त्याच बायका म्हणायच्या, "बाईंना नोकरीमुळं सवय न्हाई कामाची." जिंतूरच्या एका लग्नात हळदीला पट्टी उजव्या हाताला होती आणि अक्षतांच्या दिवशी डाव्याला. वरमाईच्या ध्यानात आलं. "काल तर उजवा दुखायलता ना वो?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हो. आज डाव्याची पाळी आहे." दादा तिथून उठून मांडवाबाहेर गेला, हसायला.

हसण्यासारखं सगळंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सुट्या गोळ्या यायच्या, कागदात पुडी बांधून. एक पांढरी, एक पिवळी, दुखलं की घ्या. शनिवारी दवाखान्यात एक सुई. दोन दिवस बरं वाटायचं, कधी तेही नाही, की पुन्हा पुडी. नाव माहीत नाही, मात्रा माहीत नाही, बरोबर काय खायचं माहीत नाही. एका उन्हाळ्यात पोटात जळजळ वाढली, शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि वहिनी वर्गातच खाली बसल्या. गोळ्यांनी जठराला जखम केली होती. दवाखान्यातल्या खाटेवर मी भेटलो तेव्हा म्हणाल्या, "मला राग कशाचा आलाय सांगू? एवढं पोट जाळून घेतलं, आन् दुखायचं ते दुखायलंच की."

नाव मिळालं ते नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे. दादा आणि मी दोघेही बरोबर होतो. त्या बाईंनी अंग कमी दाबलं आणि ऐकलं जास्त. झोप कशी लागते, सकाळी कसं वाटतं, डोकं जड होतं का, विसरायला होतं का, हे सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. दुखणं खरं आहे. रिपोर्टात सापडत नाही, कारण सांधे शाबूत आहेत. दुखण्याची बातमी मेंदूपर्यंत नेणारी जी यंत्रणा आहे, ती बातमी मोठी करून पोचवते."

"म्हणजे आमच्या गल्लीसारखं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं की नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा या दुखण्यात फारसा उपयोग होत नाही, त्या पुड्या बंद. त्याऐवजी रोज संध्याकाळी एक वेगळी गोळी. मुळात उदासीवर दिली जाणारी, पण दुखण्याचा आवाज खाली आणणारी. लहान मात्रेने सुरुवात, काही आठवडे वाट बघायची, तोंडाला कोरड पडेल, सुरुवातीला सुस्ती येईल, मनाने वाढवायची नाही आणि मनाने सोडायची तर मुळीच नाही. सोबत रोज थोडं चालणं आणि झोपेची ठरलेली वेळ. "पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये वहिनी खुशीत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पूर्ण बरं करतो म्हणालं नव्हतं, म्हणून त्यांचा विश्वास बसला होता.

तो विश्वास मेडिकलवाल्याने घालवला. पाकीट उलटंसुलटं करून तो काउंटरवर पुढे वाकला आणि शेजारी उभ्या तिघांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाला, "बाई, ही तर टेन्शनची गोळी हाय. एकदा लागली की सुटत न्हाई." वहिनी घरी आल्या आणि पाकीट देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं. बरेच दिवस ते तिथेच होतं. दादा काही बोलला नाही, दादा कधीच काही बोलत नाही. मी गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. "लोक म्हणतील, बाईंच्या डोक्यात फरक पडला. शाळेत पोरींना काय सांगू?" मी काही पुस्तकी बोलायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. "भाऊजी, पंचवीस वर्षं मी पोरींना सांगायले की उत्तर पाठ करू नका, रीत समजून घ्या. रीत तर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितली. मी पाकिटावरचं उत्तर वाचून घाबरायले." त्या संध्याकाळी त्यांनी पहिली गोळी घेतली. चमत्कार काही झाला नाही. तोंड कोरडं पडायचं, वर्गात जांभया यायच्या, एकदा त्या प्रकरणात डॉक्टरीणबाईंना फोनही झाला. पण महिना-दीड महिन्याने एका सकाळी दूधवाला हाक मारून निघून गेला तरी वहिनी उठल्या नाहीत, आणि घाबरून हलवायला गेलेल्या दादाला त्यांनी झोपेतच झिडकारलं. दादाच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर इतकी गोड शिवी त्याने ऐकली नव्हती.

त्या दिवसानंतर पाकीट देव्हाऱ्यामागून निघालं आणि पानदानात गेलं. हे पानदान आमच्या आईचं, निजामाच्या वेळचं, जड, झाकणाला कमळ. वरच्या ताटलीत चुना-काताच्या वाट्या, खाली सुपारी, लवंग. दादाने पान सोडल्यापासून वाट्या रिकाम्याच होत्या. वहिनींनी त्यांत गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्या आणि पानदान बैठकीत, तिपाईवर, पाहुण्यांच्या हाताशी. मी म्हणालो, कपाटात ठेवा की. "चोरी केलीय का मी?" त्या म्हणाल्या. "आता मनगटाला पट्टी बांधणार न्हाई. ज्याला बघायचं त्यानं हे बघावं."

आणि पाहिलं, ते नेमकं सरांनी. वहिनींच्या निवृत्तीच्या सत्काराचं आमंत्रण द्यायला ते आले होते, मी हजर होतो. चहा झाल्यावर सवयीने त्यांनी पानदान उघडलं आणि हात तसाच थांबला. "हे काय?"

"गोळ्या आहेत, सर. दुखण्याच्या. रोज घेते. सुपारी खालच्या खणात."

सरांनी सुपारी घेतली आणि जाता जाता ध्यानधारणा सुचवली. सत्काराच्या आधीच वहिनींनी निरोप पाठवला होता, हार गळ्यात घालू नका, मानेला सोसत नाही, हातात द्या. फोटोग्राफर म्हणाला, हातातला हार फोटोत दिसत नाही. तेव्हा हार गळ्यात पडला, झेंडूचा, भिजवलेला, आणि खांद्यांवर शाल दाबून बसवली गेली. फोटोत वहिनींचा चेहरा जो गंभीर दिसतो, त्याला सरांनी भाषणात कृतार्थता म्हटलं. तोच फोटो शोकसभेत मंचावर होता.

आता त्या वाक्याकडे. वहिनींच्या शेजारी शोभा राहते, ब्लाउज शिवते. तिला असंच अंगभर दुखायला लागलं तेव्हा वहिनींनीच तिला नांदेडला नेलं. शोभाने आधी त्यांच्याच पट्टीतली एक गोळी मागितली होती. "न्हाई," वहिनी म्हणाल्या, "माझी गोळी माझ्या मापाची. तू ब्लाउज माप घेऊन शिवतीस ना?" शोभाला वेगळी गोळी मिळाली आणि ती पुन्हा मशीनवर बसायला लागली. परवा वहिनींचं महिन्याचं श्राद्ध होतं. शोभा स्वयंपाकाला आली, पण भिजवलेल्या कणकेची परात तिला उचलेना. भिंतीला टेकून उभी राहिली. मी परात घेतली, तेव्हा हळूच म्हणाली, "काका, एक इचारू का? बाईंनी शेवटी गोळ्या सोडल्या व्हत्या का वो?"

"नाही गं. कोण म्हणालं?"

"सभेत सांगितलं की. सासूबाई म्हणल्या, बाईवानी बाई बिनगोळीची जगली, तुलाच का रोज गोळी लागती? मग मी बी सोडली..." आणि तिने बोटं चोळली. सुई धरायची बोटं.

दादा दारात उभा होता. त्याने ऐकलं आणि माझ्या हातातली परात घेऊन ओट्यावर ठेवली. जेवणं झाली. शोभाच्या सासूबाई, गोदाकाकू, बैठकीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादाने तिपाईवरचं पानदान उचललं आणि स्वतः नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. काकूंनी झाकण उघडलं. वहिनी गेल्यापासून आत कोणी हात घातला नव्हता. वरच्या ताटलीत पट्ट्या तशाच, आणि सगळ्यात वरची अर्धी वापरलेली.

"ह्या कुणाच्या?" काकू म्हणाल्या.

"सुमाच्या," दादा म्हणाला. "रोज घ्यायची. गेली त्याच्या आदल्या दिवशी बी घेतली. म्हणूनच शाळा शिकवू शकली." दादाच्या मानाने हे भाषणच होतं. मग त्याने पुढे जोडलं, "सुपारी खालच्या खणात हाय."

काकूंनी ताटली उचलली, सुपारी घेतली, ताटली परत ठेवली. पट्टी तिरकी झाली होती ती बोटाने सरळ केली. बराच वेळ सुपारी चघळत बसल्या. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "नांदेडची गाडी सकाळी किती वाजता असती?"

सोडलेली गोळी मनानेच पुन्हा सुरू करायची नाही, आधी डॉक्टरीणबाईंना विचारायचं, हे शोभाला दादाने सांगितलं. तोही त्यांच्याबरोबर नांदेडला गेला. हा लेख मात्र मी सरांसाठी लिहिला आहे आणि त्यांच्यासारखं बोलणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी. मेलेल्या माणसाचं कौतुक जरूर करावं, पण ते ऐकणारं जिवंत माणूस कोण आहे, तेही बघावं.

पानदान अजून तिपाईवरच आहे. उरलेल्या गोळ्या कोणाच्या हाती लागायला नकोत, टाकून दे, असं मी दादाला म्हणालो. त्याने ऐकलं, एकेक गोळी पट्टीतून काढून नष्ट केली. रिकामी पट्टी मात्र वाटीत परत ठेवली, आणि शेजारच्या वाटीत आता त्याच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, ज्या तो इतकी वर्षं शर्टाच्या खिशात लपवून ठेवायचा.