पाचव्या भागातलं पान

कॉम्प्युटरचं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचायचं नसतं, हे मला दुसऱ्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुस्तक हातात आलं की पहिल्या धड्यापासून पाठ करत जायचं, एवढीच अभ्यासाची रीत मला ठाऊक होती.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या प्रात्यक्षिकात मी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले तर कॉलेज बंद, असं बाबा म्हणाले होते. रागाने नाही, खाणीतली ड्यूटी करून आलेला माणूस बोलतो तसं, थकून. परीक्षेत इंटरनेट नसतं, पण कॉम्प्युटरमधलंच मॅन्युअल उघडू देतात. ऐन वेळी त्यात काही सापडणार नाही, म्हणून मी ते आधीच पाठ करायचं ठरवलं आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने वहीत उतरवू लागले. राजूरहून सकाळच्या ऑटोने वणीला यायचं, तास संपले की लॅबमध्ये बसून लिहायचं. दोन महिन्यांत जाड वह्या भरल्या आणि जेमतेम ‘सी’ संपला. आई रोज विचारायची, किती राह्यलं. मला सांगता यायचं नाही.

लॅब सांभाळणाऱ्या काकांनी एक दिवस वही उचलून पाहिली.

“हे काहून लिहून राह्यली?”

“पाठ करते.”

“अवं पोरी, किराणा दुकानात गेली तं पहिल्या डब्यापासून उघडत जातं काय तू?”

मग त्यांनी खुर्ची ओढून समजावलं. मॅन्युअलचे आठ भाग असतात. पहिल्यात रोजच्या कमांड, पुढच्या दोनांत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या गोष्टी, चौथ्यात उपकरणं, पाचव्यात फायलींची मांडणी, सहाव्यात चक्क खेळ, सातव्यात किरकोळ, आठव्यात सगळी यंत्रणा सांभाळणाऱ्याची कामं. नावापुढे कंसात आकडा असतो, तो भागाचा. पान कुठलंही असो, तळाशी ‘हेही पाहा’ असतं, ते कधी सोडायचं नाही. मी मान हलवत होते. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण बोटं दुखत होती आणि फक्त झोप येत होती.

परीक्षेत प्रश्न आला: रोज सकाळी सहाला एका फोल्डरची प्रत आपोआप निघावी. त्याची कमांड क्रॉनटॅब, म्हणजे ‘सी’तलीच, मला तोंडपाठ. पण ती फक्त वेळापत्रकाची फाइल उघडते. आत वेळ कशी लिहायची, हे माझ्या वह्यांत कुठेच नव्हतं. मॅन्युअलमध्ये त्या कमांडचं पान उघडलं. पानाच्या तळाशी गेले. तिथे तेच नाव होतं, कंसात पाच. पाचव्या भागातलं पान उघडलं. आधी मिनिट, मग तास. मी तास आधी लिहिला असता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ओळीतली तिसरी जागा कशाची ते विचारलं. मी पडद्यावर पुन्हा पाहिलं आणि म्हटलं, “महिन्यातली तारीख, सर.” त्यांनी सही केली.

घरी आईला सगळं सांगितलं. ती वह्यांकडे पाहत म्हणाली, “मंग एवढं लिवलं कायले?”

मी वह्या बाजूला सरकवल्या आणि तशीच आडवी झाले.

महिन्याभराने निकाल लागला. काठावर पास. बाबांनी माझ्या मोबाइलवर तो दोनदा पाहिला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीला जाताना ऑटोवाल्याला सांगून गेले, पुढच्या वर्षीही पोरीची जागा ठेवजो.