निळं औषध आणि सोहारचे पाहुणे

माझ्या एका दाढेनं माझ्या मुलीचं, करुणाचं, लग्न मोडत आणलं होतं.

ओमानमधल्या आपल्या माणसाचा दात मस्कतला दुखतो, पण उपचार सुट्टीत नागपूरला गेल्यावरच होतो. मीही सहा महिने लवंगेवर काढले. नेमका ज्या गुरुवारी ओमानमधल्याच सोहारहून करुणाला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी दाढ असह्य ठणकायला लागली. सुनंदानं (म्हणजे बायकोनं) मला गाडीत कोंबलं आणि मस्कतच्या रुवी भागातल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रूट कॅनल करायला घेतलं. नवीनच यंत्र आलं होतं. दाढेच्या मुळात निळं औषध भरायचं, त्यावर लाल प्रकाश पाडायचा, की उरलेसुरले जंतू खलास! आता मी पडलो इलेक्ट्रिकल इंजिनियर. बाई औषध भरत असतानाच दाताभोवती ताणलेलं रबर बाजूला सारून मी विचारलं, "मॅडम, ये लाइट कितने वॉट का है?"

त्यांचा हात हलला. अख्खी सिरिंज माझ्या जिभेवर रिकामी झाली.

"आपसे तो कम ही है," त्या म्हणाल्या आणि दुसरी सिरिंज भरायला लागल्या.

दाढ वाचली. जीभ, दात, हिरड्या मात्र निळ्याशार.

"पाहुण्यांना खरं सांगून टाकू," मी गाडीत म्हणालो.

"काही नको. बापाचे दात किडके म्हटल्यावर लेकीचेही तसेच असणार, असं वाटेल त्यांना. तुम्ही तोंडच उघडू नका."

करुणाला मुलगा मनापासून आवडला होता. त्यामुळे मी ऐकलं.

संध्याकाळी वानखेडे मंडळी अल हैलच्या आमच्या फ्लॅटवर आली. "जय भीम," मुलाचे वडील म्हणाले. मी नुसते हात जोडले. "ऑफिस कुठं तुमचं?" मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. (तिकडे समुद्र होता.)

मुलाच्या आईनं शेवटी हळूच विचारलं, "साहेबांना आमचा मुलगा पसंत नाही का?"

करुणाचा चेहरा उतरला. मी जोरजोरात मान डोलावली, पण ती 'पसंत नाही'लाही लागू पडत होती.

"तसं नाही हो," सुनंदा म्हणाली, "ते मुळातच अबोल आहेत."

करुणाला ठसका लागला.

शनिवारी होकाराचा फोन आला. "आधी तीन घरं बघितली," मुलाची आई सुनंदाला सांगत होती, "सगळीकडे मुलीचे वडीलच बोलत होते. तुमचे साहेब किती शांत!"

माझी जीभ तोवर स्वच्छ झाली होती. व्याह्यांसमोर ती वापरायची परवानगी मात्र सुनंदानं आजतागायत दिलेली नाही.