अजून प्रयत्न चालू आहे

इस्पितळातल्या संगणकांची देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे कटकटताई म्हणत. म्हणोत बापडे! स्कॅनच्या खोलीतला पडदा गोठला, की हेच लोक "ताई, ताई" करत धावत येत.

त्या दिवशी एका म्हाताऱ्याचा स्कॅन झाला होता. शिरेत औषध टोचून काढलेला. मूत्रपिंडं इतकी नाजूक, की ते औषध पुन्हा टोचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. चित्रं खालच्या मजल्यावरच्या सर्व्हरकडे साठवायला निघाली आणि मधेच अडली. पडद्यावर ओळ आली : सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे.

व्यवस्थापक साहेबांनी अर्धीच ओळ वाचली. पुढचं वाचायला काय धाड भरली होती, कोण जाणे! "गेला सर्व्हर. बंद करून चालू करा," म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेलासुद्धा.

"हात लावू नका!" ताई कडाडल्या. "मशीननं चित्रं अजून धरून ठेवलीत. वाट मोकळी झाली की तेच पोचवेल. बंद केलंत, तर गेली सगळी."

"दर बैठकीच्या दिवशी हीच रड! तिकडे माझी माणसं खोळंबलीत. मी वाट बघत बसू?"

"वाट मशीन बघतंय. तुमचं काय जातंय?"

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. साहेबांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी म्हाताऱ्याच्या लेकीला बटणासमोर खुर्ची दिली. "मी येईपर्यंत कुणी बोट लावलं, तर सरळ ओरडायचं." आणि स्वतः सर्व्हरकडे जाणाऱ्या तारेचा माग काढत निघाल्या.

माग संपला साहेबांच्याच बैठकीच्या खोलीत. मशीनची तार सर्व्हरला जोडणारी पेटी तिथल्या कपाटात होती. तिचा प्लग काढून कुणीतरी चहाची किटली लावली होती, आणि ती मजेत उकळत होती. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला, आणि इथे यांचा चहा! ताईंनी किटली उपटली, पेटीचा प्लग खोचला.

वर आल्या तेव्हा पडद्यावर नवी ओळ होती : सर्व्हर ठीक आहे. चित्रं एकेक करून पोचू लागली होती.

"बघा, झालं ना आपोआप?" साहेब म्हणाले. "आता त्या ओळी दिसणार नाहीत असं करा. लोक उगाच घाबरतात."

ताईंनी गरम किटली त्यांच्या पुढ्यात आदळली. "आणि ही कुठे लपवू?"

साहेब किटली उचलून बैठकीकडे वळले. लेक मात्र अजून दोन्ही हातांनी बटण झाकून बसली होती. शेवटचं चित्र पोचल्याचं ताईंनी सांगितलं, तेव्हा कुठे तिनं हात काढले आणि ती रडू लागली.