हौदातला स्टुडिओ

रेहाना मेली, त्याला आज वर्ष झालं.

"निघून गेली", "आपल्यात नाही" असलं काही लिहिलं असतं तर तिनं कमेंटमध्ये येऊन मला धुतलं असतं.

नवीन लोकांसाठी सांगते. रेहाना रॅपर होती. दिवसा मोबाईलच्या दुकानात काउंटरवर, संध्याकाळी माईकसमोर. कंपनी नाही, मॅनेजर नाही. गाणं लिहायची ती, अपलोड करायची ती, शिव्या खायची तीच.

आणि तिचा स्टुडिओ म्हणजे उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराखालचा पाण्याचा हौद.

खरंच सांगतेय.

दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी येणार कधी, नेम नाही. हौद बहुतेक वेळ कोरडाठाक. शाळेपासूनची मैत्रीण म्हणून ती आमच्याकडे पडीक असायचीच. एकदा झाकण उघडून तिनं आत हाक मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मुग्धे, इथं बाहेरचा हॉर्न बी ऐकू येत नाय. आपलं काम झालं."

आवाज घुमू नये म्हणून आईच्या गोधड्या भिंतींना लागल्या. बाबांना भीती, पोरगी आत गुदमरेल, म्हणून हौदाच्या तोंडाशी टेबलफॅन आला. फॅनचा आवाज रेकॉर्ड होतो म्हणून दर टेकला तो बंद, की बाबांची येरझार सुरू.

मी वर पाटावर लॅपटॉप घेऊन बसायचे. वायर खाली सोडलेली.

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, पिण्याच्या पाण्याचा हौद, आणि त्यात ही मुलगी? "ही" या शब्दात काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं.

आई एवढंच म्हणाली की पाणी आलं की पहिला तांब्या मीच पिते, तुम्हाला दुसरा पाठवू का?

रेहानाला हे मी कधी सांगितलं नाही. तिला कळलं नसेल असं मात्र मला वाटत नाही, कारण त्यानंतर ती आईला न विचारता हौद घासून द्यायला लागली.

रेकॉर्डिंग चालू असताना आई हौदाचा नळ बंद ठेवायची. पाणी आल्याची चाहूल आधी रेहानालाच लागायची, कारण पाईप तिच्या डोक्याशी फुसफुसायचा. मग ती ओरडायची. माईक, गोधड्या, पोरगी, सगळं वर. मग आई नळ सोडायची.

तिकडं जालना रोडला टॉवरवर टॉवर उठत होते. तिनं खाली बसून लिहिलं:

बिल्डिंग चढली बारा मजले, नळ चढंना एक
लिफ्ट म्हणती वर चल ताई, हंडा म्हणतो खाली देख

हे गाणं चाललं. लई चाललं. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीतून गोड बोलणाऱ्या माणसाचा फोन आला. मोठा स्टुडिओ, चांगलं कॉन्ट्रॅक्ट. फक्त भाषा जरा स्वच्छ करू म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "सर, माझं 'लई' आन् 'नाय' काढलं तर मागं राहतं काय? नक्को."

तिनं फोन ठेवला. त्या कॉन्ट्रॅक्टची तिला गरज होती, ते मला माहीत होतं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, चल, टेक घेऊ.

शेवटचं गाणंही हौदातच. दोन कडवी झाली, तिसरं सुरू करणार, तेवढ्यात पाईप वाजला आणि ती ओरडली. तिसरं कडवं सोयगावच्या शोनंतर करू म्हणाली. तिथल्या पोरींना बाईमाणूस स्टेजवर दाखवायचं होतं तिला.

शो झाला. परत येताना गाडीला अपघात झाला.

गेल्या महिन्यात त्याच गोड माणसाचा परत फोन. म्हणाला, ते अर्धं गाणं पूर्ण करू, तिसऱ्या कडव्याचे शब्द तिच्याच वहीतले घेऊ, आवाज कंप्युटर तयार करतो, हुबेहूब. शेवटचा आरडाओरडा कापून टाकू.

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. तिचा आवाज आणखी एक मिनिट मिळत होता.

पण हक्क तिच्या अम्मींचा. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. लेकीचं गाणं त्यांनी कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. राग नव्हता, लोक काय बोलतील याची धास्ती होती. मी कंपनीचं म्हणणं सांगितलं आणि गाणं लावलं. दोन कडवी त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मग पाईपची फुसफुस आली आणि पाठोपाठ रेहाना:

"काकू, पाणी आलं! मुग्धे, गोधड्या उचल!"

आणि हसणं.

अम्मींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा एकदा. मग डोळे पुसले.

"यहाँ तक मेरी बच्ची है. इसके आगे की नक्को."

मी कंपनीला 'नाही' असं कळवलं. थोडं तिच्याच भाषेत कळवलं.

गाणं आज अपलोड केलंय, तिच्याच चॅनेलवर. हाक आहे, हसणं आहे. त्यापुढं तिसऱ्या कडव्याची जागा आहे, नुसती बीट. ती कुणी भरायची नाही तिच्या आवाजात. स्वतःच्या आवाजात कुणाला काही बोलायचं असेल तर जरूर बोला. सोयगावच्या पोरींनो, तुम्ही आधी.

ज्यांना स्टुडिओ मिळत नाही त्यांनी घरी यावं. हौद आहे. गोधड्या धुवून ठेवल्यात.

आज सकाळी पाणी आलं. आईनं आधी झाकण उघडून आत वाकून पाहिलं. मग नळ सोडला.

खुदा हाफिज, रेहू.