दळव्यांच्या फळीवरचा किडा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातून परतताना एमआरटीच्या गाडीत उभा होतो. “भाऊजी, हे गेले,” त्या म्हणाल्या, आणि मला काही सुचायच्या आत पुढे म्हणाल्या, “तुम्ही जेवून या. इथे आज काही शिजायचं नाही.” माझा मित्र चंदू दळवी गेला त्याला आता दीड महिना झाला.

चंदू मूळचा मालवणकडचा, तीस वर्षं बोटींवर इंजिनिअर. रिटायर होऊन क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये कायमचा राहायला आला आणि महिन्याभरात कंटाळला. मग त्याने सुतारकाम काढलं, तेही फक्त ॲशच्या लाकडाचं. “माझ्याकडे अमेरिकेतून ॲश आलीय, बघायला ये,” असा त्याचा फोन आला तेव्हा मी तडक गेलो आणि दारात चपला काढून, आवाज खाली आणून विचारलं होतं, “कोणाची?” तो दोन दिवस हसत होता. राख नव्हे, झाड. फिकट रंगाचं, लांब रेषांचं आणि वाफ दिली की वेतासारखं वाकणारं. वाफेसाठी त्याने घरच्या कुकरला नळी जोडून ती एका लांब पाइपात सोडली होती. पाइपात लाकूड शिजायचं आणि त्या घरातला वरण-भात तीन वाजता व्हायचा.

मग कुठूनतरी त्याला कळलं, की तिकडे एक हिरवा भुंगेरा ॲशची रानंच्या रानं मारत सुटलाय. त्याच्या अळ्या सालीखालून पोखरत जातात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. चंदूने हे फार मनाला लावून घेतलं. रोज सकाळी पलंगाखाली टॉर्च घेऊन शिरायचा आणि तिथे रचलेली एकेक फळी तपासायचा. एके दिवशी किडा सापडलाच. बारीक, तपकिरी, पुढे सोंड. तो हिरवा नाही, हे मी त्याच्या नजरेस आणून दिलं. “प्रवासात रंग उडाला असेल,” तो म्हणाला. सिंगापुरात ॲशची झाडं आहेत कुठे, असंही विचारून पाहिलं. त्यावर त्याचं म्हणणं, उपाशी असला तर तो काहीही खाईल, आणि या हिरव्यागार देशाचं वाटोळं एका मालवणी माणसाने केलं असं होईल. हे तो गमतीने बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवून, दोन पानी कबुलीजबाब लिहून, औषधाच्या बाटलीत किडा घेऊन तो सरकारी कचेरीत निघाला. साक्षीदार म्हणून मी. तिथल्या तरुण मुलीने भिंगातून पाहिलं, हसू येऊ नये म्हणून ओठ आवळले आणि म्हणाली, “अंकल, धिस वन फ्रॉम युअर राइस, लाह.”

देश वाचला. चंदू मात्र घरी पोचेपर्यंतच वाचला. आत पाऊल टाकताच त्याने वहिनींना विचारलं, तांदूळ नीट बघून आणत नाहीस का? मग सगळंच बाहेर आलं. वहिनी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “माझ्या डब्यातला किडा तुम्ही सरकारला दाखवून आलात.” त्यानंतर आठ दिवस त्या घरात पाव होता आणि बोलणं नव्हतं.

त्याच दिवसांत वहिनी दहा किलो तांदूळ चादरीवर पसरून निवडायला बसल्या. चंदू समोर सोफ्यावर. काम संपलं तेव्हा त्यांनी एक हात जमिनीला टेकला, एक टीपॉयला, तरी त्यांना उठता येईना. “मी तीस वर्षं समुद्रावर,” तो मला नंतर म्हणाला. “हिचे गुडघे कधीपासून दुखतात ते मला माहीतच नाही रे. आता विचारायचं, तर ती बोलत नाही.”

म्हणून त्याने खुर्ची करायला घेतली. ठेंगणी, मांडीवर ताट घेऊन निवडता येईल अशी, पाठीला ॲशची वाकवलेली कमान. पहिली पट्टी वाकवताना मोडली, दुसरीही मोडली. तिसरी एकट्याला धरवेना, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. फडक्यात धरलेलं ते वाफाळतं लाकूड साच्यावर आवळून होईस्तोवर दोघं तशीच उभी... मग वहिनी आठ दिवसांतलं पहिलं वाक्य बोलल्या, “कुकरची रिंग नवी आणा.”

खुर्ची झाली. वहिनी बसून म्हणाल्या, उंच आहे. त्याने पाय कापले. अजून उंच. पुन्हा कापले. तिसऱ्यांदा एक पाय जरा जास्तच कापला गेला आणि खुर्ची डुलायला लागली. मी त्याला शेवटचा भेटलो तेव्हा तो फरशीवर गाल टेकवून त्या पायाकडे बघत होता आणि वहिनींना सांगत होता, शनिवारी करतो. शुक्रवारी दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

परवा गेलो तेव्हा वहिनी त्या खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या. हात हलला की खुर्ची फरशीवर टक्-टक् वाजत होती. मला राहवेना. मी पुठ्ठ्याचा तुकडा शोधला, त्याची घडी केली आणि त्या आखूड पायाखाली सरकवायला वाकलो. वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं.

“राहू द्या, भाऊजी. शनिवारी करतो म्हणालेत.”

मी घडी खिशात टाकली. त्यांनी ताट मांडीवर सारखं केलं आणि पुढचा खडा वेचला.