घंटा थांबेपर्यंत

आता तिथं पाणी साचलेला मोठा खड्डा आहे. इथं वस्ती होती, शाळा होती असं सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात. काढा म्हणावं!

माझी आत्या त्या शाळेत शिपाई होती. शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली, एक मास्तर आणि खाणकामगारांची आम्ही पोरं. दारात रुळाचा तुकडा टांगलेला, तो वाजवायचं काम आत्याचं. दोन टोले म्हणजे शाळा. न थांबता ठणठणाट म्हणजे खाणीत सुरुंग लागतोय, घर सोडा, टेकडीमागे पळा. आत्याच्या नवऱ्याचा जीव उडालेल्या दगडानं घेतला, तेव्हापासून ही रीत तिनंच घालून दिली. "घंटा थांबेपर्यंत उठायचं नाही. डोकं वर काढलं तर तंगडी मोडीन!" आणि ही बाई खरंच मोडायला कमी करायची नाही.

पुढे दगड संपत आला. एकेक बिऱ्हाड उठायला लागलं. शाळा आहे तोवर उरलेले टिकतील, हे आत्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ती घरोघर फिरायची, "पोरांचं वर्ष तरी होऊ द्या रे!"

एका सकाळी शाळा भरायच्या आधीच शिक्षण खात्याचे साहेब जीपमधून उतरले. मुलं दाखवा, नाहीतर आजच कुलूप. मास्तरांची बोबडीच वळली. आत्यानं दोन टोले दिले. आम्ही दात घासत होतो. आज बाईला कसली घाई झालीय, म्हणून हसलो.

साहेब घड्याळ बघायला लागले तसा आत्याचा धीर सुटला. हातोडा घेऊन ती बडवायला लागली ती थांबेचना.

झालं! अख्खी वस्ती टेकडीमागे. सुरुंग काही उडेना, घंटा काही थांबेना. मी उठायला गेले तर आईनं मानगूट धरून खाली दाबलं. कुणी येत नाही म्हणून आत्या आणखी जोरात बडवतेय, आणि ती बडवतेय म्हणून आम्ही गप्प. काय म्हणावं या नशिबाला!

घंटा थांबल्यावर आम्ही खाली आलो. साहेब कुलूप ठोकून गेले होते. आत्याच्या हाताची सालटी निघाली होती. आम्हाला टेकडीकडून येताना बघितलं आणि तिला सगळं कळलं. आता शिव्या बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या.

"कुणी डोकं वर नाही ना काढलं?" तिनं आईला विचारलं.

"नाही, वन्सं."

"शहाणी गं माझी पोरं," ती म्हणाली, आणि तिथंच मटकन बसून तिनं हंबरडा फोडला.